मशिदीच्या विहिरीला मशीन लावण्याआधी

गेल्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या जमातीची बैठक झाली. विषय एकच होता. मोहल्ल्यातला एक मुलगा कुवेतला नोकरीला आहे. त्याचे वडील रमजानच्या आधी गेले. त्यांच्या ईसाले-सवाबसाठी मशिदीत मोठं आरओ मशीन आणि थंड पाण्याचा कूलर बसवून द्यायचं त्याने ठरवलं. पैसे तयार होते, खेडच्या दुकानदाराचं कोटेशन आलं होतं, वडिलांच्या नावाची पाटी कुठे लावायची एवढंच ठरायचं होतं. अशा बैठका आमच्याकडे दहा मिनिटांत संपतात. ही संपली नाही, कारण मी हात वर करून म्हटलं, हे मशीन इतक्यात घेऊ नका.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक चाचा म्हणाले, "सर, पाणी पाजण्याहून मोठा सदका कुठला?" त्यांचं काही चुकत नव्हतं. साद बिन उबादा यांनी आपल्या मरहूम आईच्या नावाने विहीर खोदून दिल्याची हकिकत आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवूनही मला त्या रात्री माझं म्हणणं नीट मांडता आलं नाही. म्हणून ते इथे लिहितो.

मुलाने मशीनच का सुचवलं, हे आधी सांगायला हवं. आमचं गाव खेड तालुक्यातलं, लोटे परशुरामच्या एमआयडीसीपासून फार लांब नाही. तिथल्या सांडपाण्याच्या, दाभोळ खाडीत मरून वर येणाऱ्या मासळीच्या तक्रारी आम्हाला नव्या नाहीत. पण २०२५ पासून गावात एक नवा शब्द आला आहे, पीफास. कुवेतमध्ये बसून त्याने तो मोबाईलवर वाचला आणि घाबरून आईला फोन केला. आईने तो माझ्याकडे दिला.

गोष्ट इटलीतली आहे. विचेन्झा शहराजवळ त्रिस्सिनो नावाच्या गावात मितेनी नावाचा कारखाना होता. तिथे पीफास वर्गातली रसायनं बनायची. न चिकटणारे तवे, पाणी न लागणारे कपडे, आग विझवायचा फेस, अशा शेकडो ठिकाणी ही रसायनं लागतात. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध इतका घट्ट असतो की निसर्गात तो सुटत नाही, म्हणून त्यांना कायमची रसायनं म्हणतात. २०१३ मध्ये कळलं की त्या भागातलं भूजल या रसायनांनी भरलं आहे आणि साधारण साडेतीन लाख लोक त्याच्या कक्षेत येतात. पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता, चव बदललेली नव्हती. लोक वर्षानुवर्षं ते पीत होते, त्यावर भाजी पिकवत होते. मुलांच्या रक्तात ही रसायनं सापडल्यावर तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला. २०२५ च्या जूनमध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी धरून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती आमच्या लोट्याला आली. इथे उत्पादन सुरू झाल्याच्या बातम्या २०२५ मध्येच आल्या.

तिथे जे झालं तेच इथे झालं आहे, असा आरोप मी करत नाही. यंत्र तेच असलं तरी ते चालवणारे वेगळे असू शकतात. पण आमच्या विहिरींचं पाणी या रसायनांसाठी कुणी तपासलेलं नाही. ग्रामपंचायतीकडून जो नमुना जातो त्याच्या अहवालात जंतू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह असे रकाने असतात. पीफासचा रकाना नसतो, कारण पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या आयएस १०५०० या भारतीय मानकात त्याची मर्यादाच घातलेली नाही. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर अहवालात येत नाही आणि आपण खालचा 'पिण्यास योग्य' हा शिक्का बघून गप्प बसतो.

अशा पदार्थांना शास्त्रीय लेखांत 'उदयोन्मुख प्रदूषके' म्हणतात. उदयोन्मुख कवी असतात एवढंच मला माहीत होतं. अर्थ असा की पदार्थ पाण्यात आधीपासून असतील, पण त्यांच्याकडे लक्ष आता जाऊ लागलं आहे आणि कायदा अजून पोचलेला नाही. यात पीफास आहेत, प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आहेत, आणि औषधंही आहेत. हैदराबादजवळ पटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडणारं केंद्र आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासात त्या शुद्ध केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तात असतं त्याहून हे प्रमाण जास्त आहे.

कारखान्याला शिव्या देताना एक गोष्ट आम्ही विसरतो. आमच्या मोहल्ल्यात चाळिशीपुढचं असं घर शोधून सापडायचं नाही जिथे साखरेची गोळी नाही. मेटफॉर्मिन शरीरात जवळजवळ मोडत नाही. जसं जातं तसंच लघवीतून बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात जातं. आमची जमीन जांभ्याची, म्हणजे चाळणी. आणि शोषखड्ड्यापासून विहीर किती लांब असते ते घर बांधताना कुणी मोजलंय?

आता मशिदीच्या विहिरीकडे येतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. पाण्याचे मसले आम्हाला लहानपणी तोंडपाठ करून घेतात. पाणी दोन कुल्ल्यांहून, म्हणजे आजच्या हिशोबात साधारण दोनशे लिटरहून जास्त असेल तर नजासत पडूनही ते तोवर पाक राहतं, जोवर त्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही. चौदाशे वर्षं ही कसोटी उपयोगी पडली. नाक, जीभ आणि डोळा प्रत्येकाकडे असतात, प्रयोगशाळा लागत नाही. मोहल्ल्यातल्या बहुतेकांच्या मनात पाण्याची परीक्षा इथे सुरू होते आणि इथेच संपते. विहिरीचं पाणी नितळ आहे, गोड आहे, वजू होतं, मग आणखी काय पाहायचं?

पण त्याच शाफई फिक्हमध्ये एक छोटा मसला आहे, जो मुलांना शिकवताना आम्ही घाईने पुढे ढकलतो. उष्ण मुलखात धातूच्या भांड्यात उन्हाने तापलेलं पाणी. ते पाक आहे, त्याने वजू होतं, तरी अंगाला लावणं मक्रूह मानलं गेलं, कारण त्याने कोड उठतं अशी समजूत होती. इमाम शाफई यांनी ही नापसंती वैद्यकीय कारणाशी जोडली. पुढे इमाम नववी यांनी तपासून पाहिलं, पुरावा कमजोर वाटला, आणि त्यांनी हा मक्रूहपणा मानला नाही. मला यात दोन गोष्टी दिसतात. पाणी पाक असणं आणि पाणी निर्धोक असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आमच्या बुजुर्गांना पक्कं माहीत होतं. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरावा पाहून द्यायचं, घाबरून नाही, हेही. १९७८ मध्ये सौदी अरबच्या वरिष्ठ उलेमांच्या मंडळाने सांडपाणी शुद्ध करून वापरण्याविषयी फतवा दिला तेव्हाही हाच फरक ठेवला. रंग, वास, चव मूळ पाण्यासारखी झाली की तहारतीला चालेल, पिण्याचा प्रश्न आला की तब्येतीला अपाय होतो का ते वेगळं बघायचं.

मग मशीन हा अपाय दूर करतं की नाही? याचं उत्तर मशीनमध्ये काय आहे त्यावर आहे, आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. घरोघरी असलेला यूव्हीचा दिवा जंतू मारतो. रसायनाला तो हातही लावत नाही. यूएफची जाळी जंतू आणि गाळ अडवते, विरघळलेला पदार्थ तिच्यातून आरामात जातो. उकळल्याने पीफास जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि ते थोडे दाट होतात. ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास तयार केलेला कोळसा, पुष्कळ रसायनं धरून ठेवतो. पीफासमधल्या लांब साखळीच्या रसायनांना तो बऱ्यापैकी पकडतो, आखूड साखळीची लवकर निसटतात, मेटफॉर्मिनसारखे पाण्याला चिकटून राहणारे पदार्थ त्याला फारसे सापडत नाहीत. आणि कोळसा भरला की भरला. त्यानंतर पाणी नुसतं त्याच्यातून फिरून येतं. आरओचा पडदा या सगळ्यात कडक. तो यातलं बहुतेक अडवतो.

अमेरिकेत ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये लोकांच्या घरात प्रत्यक्ष वापरात असलेले ७६ फिल्टर तपासले. ओट्याखाली बसवलेल्या आरओने पीफास ९४ टक्के किंवा त्याहून जास्त काढले. जग, नळाची तोटी, फ्रिज यांतल्या कार्बन फिल्टरची सरासरी ७३ टक्के निघाली, पण एका घरात उत्तम तर दुसऱ्या घरात जवळजवळ काही नाही, अशी गत. त्यांनी अख्ख्या घराच्या पाण्याला लावलेल्या सहा मोठ्या फिल्टरचाही असा अभ्यास केला. त्यातल्या चारांमधून बाहेर येणाऱ्या पाण्यात काही पीफास आत जाणाऱ्या पाण्याहून जास्त होते.

म्हणजे आरओ चालतं. मग मी नको का म्हणालो?

माझ्याच घरात आरओ आहे. हे लपवून पुढचं लिहिणं बरं नाही. दोन वर्षांपूर्वी विक्रेता आला. त्याने खिशातून टीडीएसचं पेन काढून आमच्या विहिरीच्या पाण्यात बुडवलं. ९० आले. मग दोन ग्लासांत दोन सळया सोडून वीज लावली. आमच्या पाण्याचा काढा झाला, त्याच्या मशीनचं पाणी जवळजवळ तसंच राहिलं. सूनबाई घाबरली. मी हसलो, कारण तो तपकिरी गाळ पाण्यातला नसतो, लोखंडी सळई विरघळून आलेला असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून तिथे सळई झिजते, क्षार काढलेल्या पाण्यात वाहत नाही म्हणून झिजत नाही. हे मी नववीच्या मुलांना शिकवलं आहे. सगळं कळूनही मी मशीन घेतलं. घरात सहा महिन्यांचा नातू होता, डब्याचं दूध पाण्यात कालवायचं होतं, आणि हे सांगणारा मी घरात एकटाच होतो.

त्या ९० बद्दल थोडं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज, लिटरला मिलिग्रॅममध्ये. आपल्या मानकाप्रमाणे ५०० पर्यंत काही अडचण नाही. कोकणातल्या जांभ्याचं पाणी मुळातच मऊ. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ च्या मे महिन्यात सरकारला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओला मनाई करा. आता उलट बाजू. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफाससाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा घातली. २५ कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम, इतकं ते कमी आहे. पेनवरचा एक आकडा म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम. ज्या काट्यावर भाताचं पोतं तोलतात त्यावर सोन्याची नथ ठेवून काय दिसणार? पाणी ९० आहे म्हणून निर्धोक आहे, हे पेन सांगू शकत नाही. आणि मशीननंतर १५ आले म्हणून पीफास गेले, हेही सांगू शकत नाही. पडदा फाटला की बाहेरच्या पाण्याचा आकडा वाढू लागतो, तेवढं कळायला पेन जरूर ठेवावं.

आता ज्या गोष्टीने मला बैठकीत हात वर करायला लावला ती. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर टाकून देतं. वाहत्या नदीवर वजू करतानासुद्धा पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही हौदावर रंगवून ठेवली आहे. त्याच हौदाशेजारी हे मशीन लागणार. पण वाया जाणं एक वेळ सोडा. ते तीन लिटर जातात कुठे? माझ्या घरी ती बारीक नळी परसातल्या केळीत सोडलेली होती. पडद्याने अडवलेलं काही नष्ट होत नाही, ते या नळीतून बाहेर येतं, आधीपेक्षा दाट होऊन. माझं परसू चढावर आहे. खाली शेजारणीची विहीर. तिच्याकडे मशीन नाही, तिचा मुलगा कुवेतला नाही. विहिरीत पीफास असतीलच, तर माझ्या नातवाच्या वाट्याचे मी गाळून तिच्या नातवाकडे पाठवत होतो. वापरून झालेला कार्बनचा नळकांडाही मेकॅनिकने समोरच्या पऱ्यात टाकला होता. तो पावसात कुठे गेला ते मी शोधलं नाही.

मशिदीचं मशीन याच हिशोबाचं, फक्त मोठं. त्यात भर म्हणजे त्याचं पुढे कोण बघणार? तालुक्यातल्या कितीतरी मशिदी-मदरशांतून मी असे कूलर पाहिले आहेत. मरहूमांच्या नावाची पाटी चकचकीत आणि आतला फिल्टर बसवल्या दिवसापासूनचा. पहिल्या दिवशी देणारा मिळतो, कारण त्याचा सवाब पाटीवर लिहिता येतो. तिसऱ्या वर्षीचा पडदा बदलायला पाच माणसांकडे पावती-पुस्तक फिरवावं लागतं. भरलेला कार्बन ओला राहिला की त्याच्यावर जंतू वाढतात. तेव्हा ते पाणी विहिरीच्या पाण्याहून वाईट असू शकतं, आणि लोक मात्र विश्वासाने लहान मुलांना पाजतात.

विचेन्झात काय केलं ते पाहिलं तर वाट दिसते. तिथे सरकारने प्रत्येक स्वयंपाकघराला एकेक यंत्र घ्या असं सांगून हात झटकले नाहीत. सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर मोठे कार्बन फिल्टर बसवले. कार्बन कधी भरतो ते मोजून बदलायची जबाबदारी पाणी पुरवणाऱ्यांवर टाकली. हे व्हायला आधी मोजावं लागलं, आणि मोजायला लोकांना भांडावं लागलं. हजरत उस्मान यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्या मदिनेला खुली केली, ती आमच्या प्रत्येक जलशात सांगितली जाते. त्यांनी निवडक घरांना मशका भरून दिल्या असत्या तर ते सोपं पडलं असतं.

म्हणून माझी सूचना अशी होती की त्या मुलाच्या पैशातून आधी पाणी तपासावं. मशिदीची विहीर, लोट्याच्या बाजूची एक, नदीकाठची एक, आणि नळपाणी योजनेची टाकी. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. पीफास मोजणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी हे होत नाही आणि ही चाचणी स्वस्त नाही. नमुना घेण्यातही पथ्यं आहेत. नळाच्या आट्यांवर प्लंबर गुंडाळतो ती पांढरी टेप टेफ्लॉनची असते, म्हणजे तीही पीफासच. तिच्यामुळे आकडा बिघडू शकतो, म्हणून विहिरीतून सरळ प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत पाणी घ्यायचं. अहवाल हातात आला की ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि भूजल सर्वेक्षणवाल्यांकडे जाऊन विचारायचं, लोट्याच्या परिसरात हे नियमित का मोजलं जात नाही? ही मागणी फक्त जमातीच्या लेटरहेडवर जाऊ नये. खालच्या वाडीतले भोई, कुणबी, बौद्धवाडी, सगळ्यांची विहीर एकाच कातळाखालून भरते. पाण्यात सगळे भागीदार आहेत, हे तर आमच्याच हदीसमध्ये आलेलं आहे.

आकडे वाईट आले तर? तर पिण्याच्या आणि शिजवण्याच्या पाण्यासाठी, तान्ह्या मुलांच्या आणि पोटुशा बायांच्या घरात आधी, फिल्टर लावावेतच. तेव्हा मी स्वतः दुकानदाराकडे जाईन. त्या वेळी कोणता लावायचा हे अहवाल पाहून ठरवता येईल. कदाचित आरओऐवजी वेळेवर बदललेला चांगला कार्बन पुरेल आणि पाणी फुकट जाणार नाही. सगळ्यांसाठी मात्र टाकीवरच सोय व्हायला हवी. अल्लाहच्या कृपेने आकडे चांगले आले, तर कुवेतच्या पैशात मशिदीच्या विहिरीला नवा कठडा होईल, शोषखड्डा लांब हलवता येईल, आणि पाटी कठड्यावरही लागते.

हे मी त्या मुलाला फोनवर सांगितलं. तिकडे पिण्याचं पाणी समुद्राचं गोडं करून येतं, त्यामुळे मशीनशिवाय पाणी ही कल्पनाच आता त्याला धोक्याची वाटते. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "सर, रिपोर्टवर अब्बांचं नाव कुठे लावणार?" तो चिडून बोलला की हसून, ते लाइन खराब असल्यामुळे मला कळलं नाही. दोन दिवसांनी त्याच्या आईने निरोप पाठवला की पहिल्या तपासणीचे पैसे ती देईल, मशीनचं तिचा मुलगा सुट्टीवर आल्यावर बघू.

जमातीत अजून दोन तट आहेत. दुकानदाराचं कोटेशन या महिनाअखेरपर्यंतच आहे, त्यानंतर भाव वाढेल, असं मुतवल्ली दर जुम्याला आठवण करून देतात. बाटल्या मागवल्या आहेत. माझ्या घरातली नळी मी केळीतून काढून बादलीत सोडली आहे. त्या पाण्याने सूनबाई ओटा आणि फरशी पुसते. पुसलेलं पाणी अर्थात त्याच उतारावरून खाली जातं.